‘कम्प्राइझ’मागचा ‘ऑफ’ खोडला तरी परत का येतो?

तक्रार नेहमीची आहे, ‘कम्प्राइझ’ (अमुक भागांचं मिळून बनलेलं असणं) या इंग्रजी क्रियापदाबद्दलची. अहवालात ‘द कमिटी कम्प्राइझेस ऑफ फाइव्ह मेंबर्स’ असं लिहिलेलं असतं. तपासणारा ‘ऑफ’वर लाल रेघ मारतो, लिहिणारा निमूटपणे तो खोडतो आणि चार पानांनंतर ‘इज कम्प्राइझिंग ऑफ’ दत्त म्हणून उभा राहतो. तोही काढला की आलेखाच्या वर्णनात ‘कोल कम्प्राइझ्ड ऑफ फॉर्टी पर्सेंट’ सापडतं. गंमत म्हणजे ‘कम्प्राइझनंतर ऑफ येत नाही’ हा नियम बहुतेकांना तोंडपाठ असतो. तरी चूक होतेच, कारण तो नियम नुसतं लक्षण दाबतो.

आधी घाईतला उपाय

मसुदा आजच पाठवायचा असेल तर कारणमीमांसा नंतर वाचा. फाइलमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून शोधायची चौकट उघडा आणि पूर्ण शब्द न टाकता पहिली सातच अक्षरं टाका : सी, ओ, एम, पी, आर, आय, एस. म्हणजे कम्प्राइझ, कम्प्राइझेस, कम्प्राइझ्ड आणि कम्प्राइझिंग ही चारही रूपं एकाच शोधात हाती लागतात.

‘कम्प्राइझेस ऑफ’ दिसलं तर ‘ऑफ’ काढा. नाहीतर ‘ऑफ’ राहू द्या आणि क्रियापद बदलून ‘कन्सिस्ट्स ऑफ’ करा, दोन्ही बरोबर. ‘इज कम्प्राइझिंग ऑफ’ असेल तिथे सरळ ‘कम्प्राइझेस’ लिहा. ‘अ टीम कम्प्राइझिंग ऑफ डॉक्टर्स अँड नर्सेस’ अशी नामाला चिकटून आलेली रचना असेल तर फक्त ‘ऑफ’ गाळा. ‘अ टीम कम्प्राइझिंग डॉक्टर्स अँड नर्सेस’ हे अगदी स्वच्छ इंग्रजी आहे. ‘इज कम्प्राइझ्ड ऑफ’ सापडलं तर मात्र तूर्त हात लावू नका. त्याची भानगड निराळी आहे, ती खाली येईल.

आणि कृपा करून ‘रिप्लेस ऑल’चं बटण दाबू नका. ‘कम्प्राइझ्ड ऑफ’च्या जागी सगळीकडे ‘कम्प्राइझ्ड’ घातलंत तर ‘द किट इज कम्प्राइझ्ड ऑफ थ्री पार्ट्स’ या वाक्याचं ‘द किट इज कम्प्राइझ्ड थ्री पार्ट्स’ होईल. पहिल्या वाक्यावर निदान वाद घालता येतो, दुसरं सरळच मोडलेलं आहे. एकेक जागा डोळ्यांनी पाहूनच दुरुस्त करावी.

शब्दलेखन तपासणाऱ्या यंत्रणेच्या भरवशावर राहण्यातही अर्थ नाही. ‘कम्प्राइझेस’ हा शब्द बरोबर, ‘ऑफ’ही बरोबर, मग लाल रेघ येणार कशाला? व्याकरण तपासणारी साधनं कधी टोकतात, कधी नाही.

‘ऑफ’ येतो कुठून?

पहिलं कारण शेजाऱ्यांचं. ‘कन्सिस्ट ऑफ’, ‘कम्पोझ्ड ऑफ’, ‘मेड अप ऑफ’ या सगळ्यांचा अर्थ जवळपास तोच आणि सगळ्यांच्या शेपटीला ‘ऑफ’. त्या रांगेत ‘कम्प्राइझ’ एकटंच बिनशेपटीचं. सवयीने हात तिथेही शेपूट लावतो. ही चूक इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही करतात, त्यामुळे तिच्यापायी स्वतःला फार दोष देऊ नये.

दुसरं कारण खास आपलं. मराठीत आपण ‘समिती पाच जणांची आहे’ म्हणतो, ‘संच तीन भागांचा बनलेला आहे’ म्हणतो. हा ‘ची’, ‘चा’ इंग्रजीत उतरताना स्वतःसाठी जागा शोधतो आणि ‘ऑफ’ होऊन बसतो. किंवा आपण म्हणतो, ‘समितीत पाच जणांचा समावेश आहे.’ या वाक्यात कर्ता ‘समावेश’ आहे, समिती बिचारी सप्तमीत कोपऱ्यात उभी आहे आणि पाच जण षष्ठीत. समिती कर्ता, सदस्य कर्म आणि मध्ये एकच सकर्मक क्रियापद, अशी रचना रोजच्या मराठीत आपण करतच नाही. ‘कम्प्राइझ’ला नेमकी तीच हवी असते.

त्याच्या मुळाकडे पाहिलं तर ते का, हे कळतं. लॅटिनमधलं ‘कॉम्प्रेहेन्डेरे’ म्हणजे धरणं, पकडणं, कवेत घेणं. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. ‘कॉम्प्रिहेन्ड’ हे त्याचंच भावंड. म्हणजे ‘द कमिटी कम्प्राइझेस फाइव्ह मेंबर्स’ या वाक्यात समिती पाच जणांना कवेत घेते. कवेत घेणाऱ्याला आणि घेतलेल्याला जोडायला मध्ये शब्दयोगी अव्यय लागत नाही, म्हणून ‘ऑफ’ नाही.

तिसरं कारण सहसा कुणी सांगत नाही, पण माझ्या मते तेच सगळ्यात जास्त फसवतं. ‘विमेन कम्प्राइझ फॉर्टी पर्सेंट ऑफ द स्टाफ’ अशी वाक्यं बातम्यांत सर्रास दिसतात. इथला ‘ऑफ’ टक्क्यांचा आहे, ‘फॉर्टी पर्सेंट ऑफ द स्टाफ’ हा एक गठ्ठा आहे. वाचणाऱ्याच्या लक्षात मात्र ‘कम्प्राइझ’ आणि ‘ऑफ’ एकत्र पाहिल्याचं तेवढं राहतं. मग लिहिताना तो ‘ऑफ’ टक्क्यांच्या पुढून उचलून क्रियापदाच्या मागे लावला जातो आणि ‘विमेन कम्प्राइझ ऑफ फॉर्टी पर्सेंट’ तयार होतं.

खरी अडचण दिशेची

‘ऑफ’पेक्षा मोठी चूक म्हणजे कर्त्याच्या जागी कोण बसलंय, हे न पाहणं. बुद्धिबळाचा संच घ्या. ‘अ चेस सेट कम्प्राइझेस थर्टी-टू पीसेस.’ संच कर्ता, सोंगट्या कर्म. ‘ईच साइड कम्प्राइझेस अ किंग, अ क्वीन, टू रुक्स, टू बिशप्स, टू नाइट्स अँड एट पॉन्स’ हेही बरोबर. मोजून सोळा भरतात. आता वाक्य उलटं फिरवा : ‘थर्टी-टू पीसेस कम्प्राइझ अ चेस सेट.’ इथे ‘ऑफ’चा मागमूस नाही, तरी पारंपरिक नियमाने हे वाक्य चुकीचं आहे. सोंगट्या संचाला कवेत घेत नाहीत. भाग कर्ता असतील तर ‘मेक अप’, ‘कॉन्स्टिट्यूट’ किंवा ‘कम्पोझ’ ही क्रियापदं वापरावीत : ‘थर्टी-टू पीसेस मेक अप अ चेस सेट.’

यातलं ‘कॉन्स्टिट्यूट’ जरा जड आहे आणि त्याचा आणखी एक अर्थ आहे : एखादी गोष्ट अमुक ठरणं. ‘सायलेन्स डझ नॉट कॉन्स्टिट्यूट कन्सेंट’, म्हणजे गप्प राहणं ही संमती ठरत नाही. कायद्याच्या भाषेत हे रोज लागतं आणि इथे ‘कम्प्राइझ’ कोणत्याही परिस्थितीत चालत नाही.

‘ऑफ येत नाही’ हा नियम दिशेबद्दल एक अक्षर बोलत नाही. म्हणून तो पाठ केलेला माणूस ‘ऑफ’ टाळतो आणि वाक्य मात्र उलटं लिहून बसतो.

त्याऐवजी ही एक चाचणी वापरून पाहा. ‘कम्प्राइझ’च्या जागी तात्पुरतं ‘कंटेन’ घाला, रूप तेच ठेवा आणि वाक्य मोठ्याने वाचा. ‘द कमिटी कंटेन्स ऑफ फाइव्ह मेंबर्स’ : लगेच खटकतं, ‘कंटेन’मागे ‘ऑफ’ लावायची सवय कुणालाच नाही. ‘द कमिटी इज कंटेनिंग फाइव्ह मेंबर्स’ : खटकतं. ‘थर्टी-टू पीसेस कंटेन अ चेस सेट’ : सोंगट्यांच्या पोटात संच? अर्थच लागत नाही. ‘द कमिटी कंटेन्स फाइव्ह मेंबर्स’ जरा ओबडधोबड वाटेल, पण उभं राहतं. उभं राहिलं की ‘कंटेन’ काढून ‘कम्प्राइझ’ परत बसवा. ‘ऑफ’, चालू काळ आणि उलटी दिशा, तिन्ही चुका या एका चाळणीत अडकतात.

वर्तुळालेखाचं वाक्य

आयईएल्‌टीएसच्या अ‍ॅकॅडमिक परीक्षेत, म्हणजे इंग्रजी किती येतं ते तपासणाऱ्या परीक्षेत, लेखनाचा पहिला प्रश्न आलेख किंवा तक्त्याचं वर्णन करायचा असतो. किमान १५० शब्द लिहायचे असतात आणि त्यासाठी वीस मिनिटं सुचवलेली असतात. तिथे ‘इज’ आणि ‘वॉज’ लिहून कंटाळलेला विद्यार्थी भारदस्त शब्द शोधतो आणि ‘कम्प्राइझ’वर येऊन थांबतो. नेमकं इथेच ते सगळ्यात जास्त बिघडतं.

समजा, आलेख वीजनिर्मितीचा आहे आणि कोळशाचा वाटा चाळीस टक्के आहे. विद्यार्थी लिहितो : ‘कोल कम्प्राइझ्ड ऑफ फॉर्टी पर्सेंट ऑफ द टोटल.’ नियम आठवून तो पहिला ‘ऑफ’ काढतो : ‘कोल कम्प्राइझ्ड फॉर्टी पर्सेंट ऑफ द टोटल.’ असं वाक्य छापील मजकुरात भरपूर आढळतं, मोठे शब्दकोशही भाग-कर्ता असलेला हा वापर नोंदवतात. तरी काटेकोर वाचकाला ते उलटंच वाटतं, कारण कोळसा हा भाग आहे. मग जोखीम घ्यायची कशाला? ‘कोल अकाउंटेड फॉर फॉर्टी पर्सेंट ऑफ द टोटल’ किंवा ‘कोल मेड अप फॉर्टी पर्सेंट ऑफ द टोटल’ लिहा. या दोन्हींवर कुणी बोट ठेवू शकत नाही.

‘अकाउंट फॉर’ हे वाट्यासाठी, प्रमाणासाठी आहे एवढं ध्यानात ठेवा. ‘फाइव्ह मेंबर्स अकाउंट फॉर द कमिटी’ म्हणता येत नाही. ‘मेक अप’ दोन्हीकडे चालतं, म्हणून गोंधळात पडलात तर तेच घ्या.

‘कम्प्राइझ’ला त्याच उत्तरात योग्य जागा हवी असेल तर ती सुरुवातीच्या वाक्यात मिळते : ‘द एनर्जी मिक्स कम्प्राइझ्ड फोर सोर्सेस : कोल, गॅस, हायड्रो अँड विंड.’ संपूर्ण कर्ता, चारही भाग पुढे, यादी पुरी. एका उत्तरात एकदा पुरे.

यादी अर्धी असेल तर

‘कम्प्राइझ’ आलं की वाचणारा धरून चालतो की पुढे सगळे भाग येणार. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचं उदाहरण घ्या. ‘द सिक्युरिटी कौन्सिल कम्प्राइझेस चायना, फ्रान्स, रशिया, द युनायटेड किंग्डम अँड द युनायटेड स्टेट्स’ हे व्याकरणाने निर्दोष, पण माहिती चुकीची, कारण हे पाच फक्त स्थायी सदस्य आहेत. दहा निवडून येणारे राहिले. इथे ‘इन्क्लूड्स’ हवं, किंवा मग ‘कम्प्राइझेस फाइव्ह परमनंट अँड टेन इलेक्टेड मेंबर्स’. काळाचंही भान लागतं. ही संख्या १९६५ पासून पंधरा आहे, त्याआधी अकरा होती. म्हणून १९५० सालाबद्दल लिहाल तर ‘कम्प्राइझ्ड इलेव्हन मेंबर्स’. जाता जाता : खुद्द सनदेच्या २३व्या कलमात ‘शॅल कन्सिस्ट ऑफ फिफ्टीन मेंबर्स’ अशी रचना आहे. इतक्या औपचारिक दस्तऐवजाचं ‘कम्प्राइझ’वाचून काही अडलेलं नाही.

त्यामुळेच ‘कम्प्राइझेस पेन्स, पेपर्स, एट्सेट्रा’ हे जोडकाम विचित्र वाटतं. ‘वगैरे’ म्हणायचं असेल तर ‘इन्क्लूड्स’ घ्या. आणि ‘इन्क्लूड्स’ घेतलंत की ‘एट्सेट्रा’ची गरजच उरत नाही.

एका क्षेत्रात मात्र हे गणित बरोबर उलटं आहे. पेटंटच्या दाव्यांत (शोधातल्या कशावर हक्क आहे हे सांगणाऱ्या वाक्यांत) ‘कम्प्राइझिंग’ हा शब्द खुला मानतात : सांगितलेले घटक तर आहेतच, आणखीही असू शकतात. ‘कन्सिस्टिंग ऑफ’ हा बंद : एवढेच घटक, जास्त नाहीत. म्हणून पेटंटचा मसुदा भाषा सुधारायच्या नादात ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. तिथे एका शब्दाने दाव्याची व्याप्ती बदलते.

‘इज कम्प्राइझ्ड ऑफ’चं काय?

आता ती राहिलेली भानगड. जुन्या पठडीचं म्हणणं असं : मूळ वाक्य ‘संपूर्ण कम्प्राइझेस भाग’ असेल तर त्याच्या कर्मणी रूपात भाग कर्त्याच्या जागी यायला हवेत. ‘द कमिटी इज कम्प्राइझ्ड ऑफ फाइव्ह मेंबर्स’मध्ये संपूर्णच कर्ता राहतो, म्हणजे रचना तर्काला धरून नाही. तर्क बिनतोड आहे, पण भाषेने त्याला फारशी किंमत दिलेली नाही. भाग कर्ता असलेला, ‘घडवणे’ या अर्थाचा वापर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सापडतो. अमेरिकन हेरिटेज डिक्शनरीच्या सल्लागार मंडळात १९६० च्या दशकात ५३ टक्के सदस्यांना ‘कम्प्राइझ्ड ऑफ’ नापसंत होतं. १९९६ मध्ये हा आकडा ३५ वर आला आणि २०११ मध्ये ३२ वर. विद्यार्थ्यांसाठीचे शब्दकोशही ही रचना आता देतात.

माझा सल्ला : वाचताना दिसलं तर लिहिणाऱ्याला अडाणी समजू नका, आणि स्वतः लिहू नका. तीस-पस्तीस टक्के जाणत्या वाचकांना जे खुपतं ते मुद्दाम लिहिण्यात फायदा काय? ‘इज कम्पोझ्ड ऑफ’ किंवा ‘इज मेड अप ऑफ’ तेवढ्याच लांबीचे आहेत आणि त्यांच्याशी कुणाचंच वाकडं नाही. उलट ‘इज कन्सिस्टेड ऑफ’ मात्र कधीच नाही. ‘कन्सिस्ट’ अकर्मक आहे, त्याचं कर्मणी रूप होत नाही. या मुद्द्यावर दोन पक्ष नाहीत.

बारीकसारीक बिघाड

‘द पॅनल कॉम्प्रमाइझेस ऑफ थ्री जजेस’ असं छापून आलं तर न्यायाधीशांनी तडजोड केल्याचा वास येतो. घाईत टाइप करताना बोटं ओळखीच्या शब्दाकडे वळतात आणि वरची सात अक्षरांची शोधयुक्ती हे पकडत नाही, कारण ‘कॉम्प्रमाइझ’मध्ये ‘आर’नंतर ‘ओ’ येतो. त्याचा शोध वेगळा घ्या.

स्पेलिंगच्या शेवटी ‘एस-ई’ आहे. उच्चारात झ असला तरी ‘झेड’ लिहायचा नाही, अमेरिकन पद्धतीतही नाही. आघात दुसऱ्या अक्षरावर, ‘प्राइझ’वर येतो. बोलताना ‘कॉम’वर जोर दिलात की ऐकणाऱ्याला पुन्हा ‘कॉम्प्रमाइझ’च ऐकू येतं.

‘व्हॉट डझ द किट कम्प्राइझ?’ हा प्रश्न व्याकरणात बसतो, पण असं कुणी विचारत नाही. ‘व्हॉट डझ इट कन्सिस्ट ऑफ?’ किंवा सरळ ‘व्हॉट्स इन द किट?’ तोंडी बोलण्यात ‘कम्प्राइझ’ एकंदरच परकं वाटतं. त्याची जागा अहवाल, करारनामे, अभ्यासक्रमाची माहितीपत्रकं आणि घरांच्या जाहिराती इथे आहे. ईमेलमध्ये ‘अवर टीम हॅज फाइव्ह पीपल’ लिहून मोकळे व्हा. निम्म्याहून जास्त ठिकाणी, जिथे लोक ‘कम्प्राइझ’शी झटापट करत बसतात, तिथे ‘हॅज’ने काम भागतं.

एवढं करूनही ‘ऑफ’ परत येत असेल

मग वाक्यं जोडीने लिहायचा सराव करा. रोजच्या कामातलीच एखादी गोष्ट घ्या : अहवाल, संघ, अभ्यासक्रम. पहिलं वाक्य संपूर्णापासून सुरू करा, दुसरं भागांपासून. ‘द रिपोर्ट कम्प्राइझेस सिक्स चॅप्टर्स.’ ‘सिक्स चॅप्टर्स मेक अप द रिपोर्ट.’ ‘द कोर्स कम्प्राइझेस टू मॉड्यूल्स.’ ‘टू मॉड्यूल्स मेक अप द कोर्स.’ मराठी वाक्य मनात आणून त्याचं भाषांतर करू नका. तसं केलंत की ‘अहवाल सहा प्रकरणांचा आहे’मधला ‘चा’ पुन्हा ‘ऑफ’ बनून आत शिरेल. थेट ‘द रिपोर्ट’ लिहूनच सुरुवात करा.

आणि ‘कंटेन’च्या चाचणीची एक मर्यादा सांगून ठेवतो. यादी पुरी आहे की अर्धी, हे ती सांगत नाही. ‘द सिक्युरिटी कौन्सिल कंटेन्स चायना अँड फ्रान्स’ ऐकायला फारसं खटकत नाही, पण तिथे ‘कम्प्राइझेस’ घातलंत तर परिषद दोनच देशांची होईल. तेवढी मोजणी बोटांवरच करावी लागते.